बागेच्या कुलपाची किल्ली कोणाकडे?

महापालिकेच्या बागांचा प्रश्न आपल्या निवेदनांत क्वचितच येतो. पाणी, रेशन, संडास, नवऱ्याची मारहाण यांच्या यादीत बाग कुठे बसवायची, असे आपल्यालाही वाटते. बाग म्हणजे पोट भरल्यानंतरची चैन, ही समजूत पक्की आहे. पण दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा माणसांबरोबर राहणाऱ्या बाईला घटकाभर पाय पसरायला घरात जागा नसते. तिच्यासाठी बाग ही गरज आहे.

ही बाग तिच्यासाठी उघडी कधी असते? पुण्या-मुंबईसह आपल्या अनेक शहरांत महापालिकेच्या बऱ्याच बागा सकाळी उघडतात, दुपारी काही तास बंद होतात आणि संध्याकाळी पुन्हा उघडतात. सकाळी फिरायला येणाऱ्यांची सोय होते. त्या वेळी बाई नळावर असते, नाहीतर डबे भरत असते. संध्याकाळी ती पुन्हा स्वयंपाकाला लागते. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला दोन कामांच्या मधला दुपारचाच काय तो वेळ मिळतो. नेमके तेव्हा फाटकाला कुलूप! मग ती जिन्याखाली किंवा फुटपाथवर बसते आणि आपण म्हणतो, बायका बागेत येतच नाहीत.

दुपारी देखभाल असते, गैरप्रकार होतात, अशी कारणे दिली जातात. देखभाल बागेच्या एकेका भागात आळीपाळीने करता येते. आणि गैरप्रकारांना आळा बसतो तो माणसांच्या वावराने. निर्मनुष्य बागेची भीती बाईलाच जास्त वाटते.

तेव्हा वेळापत्रक, रचना, पैसा हे सगळे कोणाला समोर ठेवून ठरते, हा खरा प्रश्न आहे. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे १९९६-९७ मध्ये बागा कोण वापरते याची पाहणी झाली. नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुली बागेत दिसेनाशा होतात, मुलगे मात्र खेळत राहतात, असे आढळले. मोठ्या मैदानाचा ताबा मुलगे घेत आणि मुली माघार घेत. तिथल्या पालिकेने मुलींना दोष दिला नाही. १९९९ मध्ये दोन बागांची रचनाच बदलली. पायवाटा वाढवल्या, मोठ्या मोकळ्या जागेचे लहान भाग पाडले, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली. मुली परत आल्या.

आपल्याकडे असे व्हायला कायद्याची अडचण नाही. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची आणली, तिच्यात बागा आणि क्रीडांगणे ही नगरपालिकांच्या कामांत नोंदलेली आहेत. महाराष्ट्रात २०११ पासून पालिकांतल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. पण २०२२ पासून काही वर्षे अनेक महापालिकांत निवडणुकाच झाल्या नाहीत. प्रशासकांचा कारभार चालला आणि आपल्या निम्म्या जागा कागदावर राहिल्या. सभागृहात बाई असली तरी तिच्यामागे आपला रेटा हवा, हे तर आहेच.

रेट्याने फरक पडतो. मोकळ्या जागा देखभालीसाठी खासगी संस्थांना दत्तक देण्याचे धोरण मुंबई महापालिकेने जानेवारी २०१६ मध्ये मंजूर केले. नागरिकांनी आवाज उठवला आणि मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली.

मैत्रिणींनो, आपल्या पुढच्या निवेदनात बागेसाठी चार ओळी घालू या. बागा दुपारी उघड्या ठेवा. आत स्वच्छ, पाणी असलेला आणि फुकट वापरता येणारा संडास असू द्या. कोणत्या वेळी किती बायका आणि मुली येतात ते मोजा. आणि अंदाजपत्रक ठरण्याआधी उद्यान विभागाने वस्तीतल्या बायकांची बैठक घ्यावी, ठरल्यानंतर नव्हे. कारंजे कोणत्या रंगाचे असावे हे विचारायला आपल्याला बोलावतील; आपण खर्चाचा कागद मागायचा.