मुठीतले थिओडोलाइट
आदिलाबादहून नागपूरकडे निघाले की वाटेत हिंगणघाट लागते. अर्ध्या टनाचे थिओडोलाइट घेऊन दक्षिण भारत मोजीत आलेला विल्यम लॅम्बटन १८२३ साली तेथेच निवर्तला. आता स्थान सांगणारे यंत्र मुठीत मावते! २ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी ऑरेगॉनात एकाने रानात बादली अर्धवट पुरून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले, आणि जिओकॅशिंग हा खजिनाशोधाचा खेळ जन्मास आला.

त्यासाठी कोणते यंत्र घ्यावे, अशी पृच्छा होते. आमच्या मते रंगीत नकाशांस भुलू नये. साध्या पेन्सिल-सेलवर चालणारे घ्यावे. ते सेल आमच्या तामसीतही मिळतात. स्पर्शपडद्यापेक्षा बटणे बरी, कारण पावसात बोटे ओली असतात. दाट सागवनासाठी दोन वारंवारतांचे यंत्र अधिक भरवशाचे.

परदेशस्थ मुलाबाळांकडून मागविताना मात्र एक गोष्ट पाहावीच. उपग्रहाद्वारे संदेश पाठविणारे यंत्र परवानगीवाचून बाळगणे भारतात गुन्हा आहे. त्यापायी विमानतळावर प्रवासी अडकलेले आहेत. संकटकाळी हाक मारता येते, म्हणून विक्रेते नेमके तेच पुढे करतात. केवळ स्थान दाखविणारेच आणावे, हे चिरंजीवांस खरेदीपूर्वी कळवावे.