मोहिमेची वही : ओढ्याकाठचं पान

आमची मोहिमेची वही आता एकतीस पानांची झाली आहे. त्यातली सहा पानं नकाशांची, चार पानं माणसांची, दोन पानं भुताखेतांची आणि बाकीची सगळी खोडाखोडीची!

नव्या वाचकांसाठी आधी थोडं सांगते. हा पटावरचा खेळ नाही आणि नाटकही नाही; दोन्हींच्या मधलं काहीतरी आहे. चार-पाच जणांनी एकेक पात्र घ्यायचं. कुणी हेर, कुणी वैद्य, कुणी बेलदार, कुणी वाटाड्या. एक जण सूत्रधार. सूत्रधार सांगतो, "समोर भिंत आहे, वर उजेड दिसतोय. काय करता?" मग ज्यानं त्यानं आपल्या पात्राच्या वतीनं उत्तर द्यायचं. ते जमेल की नाही अशी शंका आली, की फासे टाकायचे. सूत्रधाराच्या मांडीवर एक वही असते. कुठे काय आहे, कोण भेटतं, दार कशानं उघडतं, हे सारं तिच्यात. इंग्रजीत तिला मॉड्यूल म्हणतात. आम्ही म्हणतो मोहिमेची वही.

या खेळाचा मूळपुरुष म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो काढला. एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका, आणि पहिल्या छपाईच्या प्रती फक्त एक हजार. त्यात वीस पैलूंचे फासे लागत. ते कुठून आणले असतील? शाळांना गणिताची साधनं पुरवणाऱ्यांकडून! म्हणजे हा खेळ थोडासा आमच्या शिक्षकांच्या कपाटातूनच निघाला म्हणायचा.

तिकडच्या वह्यांत तळघरं असतात, ड्रॅगन असतात, बुटके असतात. आम्ही पालीत राहतो. वर्गाच्या खिडकीतून मान वर केली की सरसगड दिसतो, पगडी ठेवल्यासारखा. मग परक्या देशाचं तळघर कशाला? आमची मोहीम १६८१ च्या पावसाळ्यातली. औरंगजेबाचा मुलगा शहजादा अकबर बापाविरुद्ध बंड करून दक्षिणेत आला होता आणि सुधागडाच्या पायथ्याशी मुक्कामाला होता. पुढे त्याच वर्षी पाच्छापूरला संभाजी महाराजांची आणि त्याची भेट झाली. आमच्या खेळाडूंनी एक थैली सरसगडावरून सुधागडावर न्यायची, एवढंच काम. पाली ते पाच्छापूर बारा-एक किलोमीटर. पण मध्ये आषाढ आहे!

फाशांचं गणित पाचवी-सहावीच्या मुलांनी नीट बघा. वीस पैलूंचे फासे आमच्याकडे नाहीत, म्हणून आम्ही साधे दोन फासे टाकतो. बेरीज आठ किंवा त्याहून जास्त आली तर जमलं. दोन फासे ३६ प्रकारांनी पडू शकतात. त्यांत आठ पाच प्रकारांनी येतात, नऊ चार, दहा तीन, अकरा दोन आणि बारा एका प्रकारानं. मिळून १५. म्हणजे ३६ पैकी १५ वेळा जमणार, निम्म्याहून कमी. पण पाठीवर दोर असेल तर बेरजेत एक मिळवायचा. मग नुसते सात पडले तरी भागतं, आणि १५ चे होतात २१. दोराबरोबर साथीदाराचा हात असेल तर आणखी एक मिळवायचा, मग २६. हे फळ्यावर मांडल्यापासून आमच्या वर्गात दोर घेतल्याशिवाय कुणी गड उतरत नाही. आधी सगळ्यांना तलवारीच हव्या होत्या.

फासे नसतील तर? चिंचोके फोडा, एका बाजूनं पांढरे दिसतील असे घासा आणि चार चिंचोके एकदम टाका. पांढरे किती पडले ते मोजा. मात्र चिंचोका नाण्यासारखा वागत नाही. एकाच बाजूवर जास्त वेळा पडतो. तेव्हा आधी शंभर वेळा टाकून वहीत नोंद करा आणि मगच नियम ठरवा. कंटाळवाणं काम आहे खरं, पण दोघांनी मिळून केलं तर मजा येते.

आता भुतांची दोन पानं. ड्रॅगनच्या जागी आम्ही शरभ घेतला. महाराष्ट्रातल्या कितीतरी गडांच्या दरवाजांवर हा सिंहासारखा प्राणी कोरलेला असतो, कधी पंजांत हत्ती पकडलेला. आमच्या वहीत तो रात्री दगडातून उतरतो. पाण्याच्या टाक्यापाशी आसरा आहे. तिला न विचारता पाणी घेतलं की दिवा विझतो. आणि रानात चकवा. चालून चालून माणूस पुन्हा त्याच झाडाखाली येतो. चकवा लागला की जागच्या जागी बसून राहायचं, उजाडेपर्यंत हलायचं नाही, असं आमच्याकडची जुनी माणसं सांगतात. खेळातही तोच उतारा ठेवलाय.

यावर एका पालकांनी मला गाठलं. "बाई, चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास आहे. माझ्या मुलानं परीक्षेत शरभ दगडातून उतरला असं लिहिलं तर मार्क कोण देणार?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मुलांनी इतिहास आणि मनातलं कालवून टाकलं, तर पुढे ते वेगळं करणं फार कठीण जातं. मोठ्या माणसांनाही जमत नाही ते!

म्हणून आम्ही वहीत दोन शाया सुरू केल्या. जे खरोखर आहे किंवा घडलं ते निळ्या शाईनं, आपण रचलेलं लाल शाईनं. सरसगडाच्या कातळातल्या उंच उंच ९६ पायऱ्या निळ्या, आसरा लाल. सुधागडाचा महादरवाजा रायगडाच्या दरवाजासारखा दोन बुरुजांच्या कुशीत लपवलेला, तो निळा. त्यावरचा आमचा जागा होणारा शरभ लाल. दोन दिवस सुरळीत गेले. मग एकानं विचारलं, "बाई, हिरकणी कुठल्या शाईनं?" झालं! अर्धा वर्ग म्हणाला निळ्या, रायगडावर हिरकणी बुरूज आहे. अर्धा म्हणाला, बुरूज निळा, पण ती कडा उतरली ते लोक सांगतात, ते लाल कसं म्हणायचं? शेवटी 'लोक सांगतात' यासाठी शिसपेन्सिल ठरली. चकव्याचा उताराही आता पेन्सिलीत गेलाय.

या शायांचा असा काही नाद लागलाय की विचारू नका. एका हेराला गडावरून खाली इशारा द्यायचा होता. तो म्हणाला, "मी देवळातली मोठी घंटा वाजवतो." पहिल्या बाकावरून लगेच हरकत आली, "ती चिमाजीअप्पांनी वसई जिंकल्यावर आणली असं सांगतात ना? वसई १७३९ ला जिंकली. आपण १६८१ मध्ये आहोत. अजून अठ्ठावन्न वर्षं थांब!" हेराला मग शिंग फुंकण्यावर भागवावं लागलं.

आता या आठवड्याचं मुख्य पान. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही सातव्या पानापर्यंत आलो. वाटेत ओढा फुगलेला. पलीकडे जायचे तीन मार्ग मी पेन्सिलीनं लिहिले होते : दोर बांधून, आडव्या पडलेल्या झाडावरून, किंवा वरच्या अंगाला वळसा घालून. बेलदारानं दोर काढला. वैद्यानं हात दिला. म्हणजे ३६ पैकी २६. सगळ्यांचे डोळे फाशांवर.

वाटाड्या झालेली मुलगी मात्र फासे हातात घेईना. "मी टाकणारच नाही. पाणी चढलं की उतरायचं नाही, आजी सांगते."

"अगं, खेळ आहे!"

"असू दे. पण मी वाटाड्या आहे ना? वाटाड्याला ठाऊक असणारच."

कुणी हसलं नाही. आमच्या सुधागड तालुक्यात या विषयावर हसत नाहीत. १९८९ च्या जुलैमध्ये अंबा नदीच्या पुरात जांभूळपाड्यात किती माणसं गेली, हे इथल्या घराघरातल्या आजी-आजोबांना आठवतं. पावसाळ्यात पुलावर पाणी आलं की आजही आमची मुलं अलीकडे थांबतात. ती मुलगी फाशांना घाबरली नव्हती. तिच्याजवळ एक माहिती होती आणि ती निळ्या शाईची होती.

सगळ्यांनी ठरवलं, थांबायचं. आणि माझ्या वहीत थांबणाऱ्यांसाठी एक ओळसुद्धा नव्हती!

अशा वेळी सूत्रधारानं काय करावं? 'दरोडेखोर आले' म्हणून मुलांना पाण्यात ढकलता येतं. तिकडच्या काही वह्या तशाच असतात. १९७८ साली छापलेली गायगॅक्स यांची 'टूम ऑफ हॉरर्स' प्रसिद्ध आहे. तिच्यात पावलोपावली सापळे, चुकीच्या तोंडात हात घातला की पात्र खलास. हुशारीनं रचलेली आहे, नाही म्हणत नाही. पण चौथीतल्या मुलाचं पात्र मेलं की ते मूल कोपऱ्यात जाऊन बसतं आणि बाकीच्यांचा खेळ बघत राहतं. ते मला बघवत नाही. दुसरं असं की, मुलांनी काय करावं हे आधीच लिहून ठेवलं तर ती माझी गोष्ट झाली. मग त्यांना बोलवायचं कशाला? वहीत ओढा लिहावा, त्याची खोली, काठची झाडं, पाणी कधी उतरतं ते लिहावं. ओलांडायचा की नाही हे मुलांचं काम.

तर मग त्या रात्रीचं पान आम्ही सगळ्यांनी मिळून लिहिलं. पाऊस लागलेला, थैली भिजू नये म्हणून वैद्यानं ती औषधांच्या हंडीत ठेवली. मध्यरात्री ठाकरवाडीतले एक आजोबा इरलं पांघरून आले (लाल शाई). त्यांनी काठावर एक काठी रोवली आणि म्हणाले, पाणी हिच्या खाली गेलं की मला हाक मारा. आळीपाळीनं पहारा झाला. तांबडं फुटताना काठीचं बूड दिसलं. आजोबांनी वरच्या अंगाची उथळ जागा दाखवली आणि फासे न टाकताच सगळे पार झाले.

पण थांबण्याची किंमत ठेवलीच पाहिजे, नाहीतर प्रत्येक पानावर मंडळी पथारी पसरतील! थैली एक दिवस उशिरा पोचणार. सुधागडाच्या पायथ्याला जाईतो दिवस मावळणार, दरवाजा बंद होणार. म्हणजे आणखी एक रात्र बाहेर, आणि दरवाजावर शरभ आहे.

ज्यांच्या घरी अशी वही सुरू झाली असेल त्यांनी आपल्या गावचा नकाशा काढून पाठवा, निळ्या-लाल शाईत. चकव्याला तुमच्याकडे काय म्हणतात तेही लिहा. आणि एक सांगून ठेवते, नकाशा काढायला म्हणून कुणीही पावसात एकटं गडावर जायचं नाही. सरसगडाच्या पायऱ्या शेवाळल्या की भल्याभल्यांना बसून उतरावं लागतं. मोठ्या माणसांबरोबर, हिवाळ्यात जा.

येत्या शनिवारी दरवाजा उघडेल. गडाचा कारभार तेव्हा एकाच माणसाच्या हाती नसे. हवालदार, सरनोबत, सबनीस असे अधिकारी असत. आमच्या वाटाड्याला बहुधा तिघांनाही उत्तर द्यावं लागेल. "उशीर का झाला?" हा प्रश्न सबनीस विचारणार, एवढं बत्तिसाव्या पानावर लिहून ठेवलंय. खालचं पान कोरं आहे.