हुंडणावळीचा धडा

वाचकहो, दिवाळी अंकात या सदराने चार गोड गोष्टी सांगाव्यात असा रिवाज आहे. फराळाच्या ताटात कारले कोणी वाढीत नाही. पण लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजायची, तर जुन्या वहीतली चूक आधी कबूल करावी, असे आमचे वडील म्हणत. यंदाची माझी चूक मोठी आहे. ती आणखीही पुष्कळ घरांत होत असावी, या धास्तीने आज लिहायला बसलो आहे.

मी बत्तीस वर्षे शाळेत गणित शिकवले. त्रैराशिक, शेकडेवारी आणि नफातोटा यांत माझा हात धरणारा आमच्या पेठेत कोणी नव्हता, असे मी तरी समजत होतो. अशा माणसाचा हिशेब साध्या अडीच टक्क्यांनी चुकवावा, हे ऐकून माझे जुने विद्यार्थी खुशाल हसोत.

गेल्या ज्येष्ठातली गोष्ट. आमच्या नातीला जर्मनीतल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. घरात पेढे वाटले गेले आणि दुसऱ्या दिवशी पैशांचा विषय निघाला. जर्मनीत शिकायला जाणाऱ्या मुलाने वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधीच एका बंद खात्यात भरून दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. तिथे गेल्यावर त्यातले दरमहा ९९२ युरो मुलाच्या हाती पडतात. खाते पूर्ण भरल्याचा दाखला नसेल, तर व्हिसाच्या मुलाखतीला जाण्यात अर्थ नाही.

चिरंजीवांनी आपली ठेव मोडली. तरी तीन लाख कमी पडत होते. तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी कोणाला न विचारता आपल्या पाटल्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. "अहो, कपाटात ठेवून काय करायच्यात?" एवढेच त्या बोलल्या.

पैसे पाठवायचे काम मी हट्टाने माझ्याकडे घेतले. नात म्हणत होती, "आबा, तीनचार ठिकाणी भाव विचारू या. प्रत्येकाचा दर वेगळा असतो." मी तिला गप्प केले. म्हटले, "अगं, पैसे पाठवायचेत, भाजी नाही घ्यायची. माझं पेन्शन ज्या बँकेत येतं तिथं मला सगळे ओळखतात." ही माझी पहिली चूक.

बँकेतल्या मुलीने आदराने बसवले, चहा मागवला. "काका, आमचं शुल्क फक्त हजार रुपये," ती म्हणाली. बारा लाखांच्या व्यवहाराला हजार रुपये! मला ते रास्त वाटले. फॉर्मवर एक प्रश्न होता : मधल्या बँकांचा खर्च कोणी सोसायचा? पाठवणाऱ्याने, घेणाऱ्याने, की दोघांनी वाटून? मी जन्माचा मास्तर. वाटून घेण्यात न्याय आहे असे समजून तिथे खूण केली. ही दुसरी चूक.

चार दिवसांनी जर्मनीहून निरोप आला. खात्यात ११,८८६ युरो जमा आहेत, अठरा कमी आहेत, सबब दाखला देता येत नाही. मुलाखतीला अकरा दिवस उरले होते.

आता हे अठरा युरो गेले कुठे? मी बँकेत धावलो, तेव्हा उलगडा झाला. पैसा काही विमानात बसून जात नाही. जातो तो निरोप. आपल्याकडे पूर्वी हुंडी चाले, तसाच हा प्रकार. एका पेढीने दुसऱ्या पेढीला लिहायचे, की आमच्या नावे अमक्याला इतके द्या. बँकांचे असे निरोप वाहून नेणारी स्विफ्ट ही संस्था १९७३ साली बेल्जियममध्ये निघाली. आपल्या बँकेचे तिकडच्या बँकेत थेट खाते नसेल, तर मध्ये एक किंवा दोन पेढ्या येतात, आणि हातातून जाणाऱ्या पैशांतून प्रत्येक पेढी आपली हुंडणावळ कापून घेते. मी 'वाटून घ्या' म्हटले होते. त्यांनी वाटून घेतले!

बरे, अठरा युरो पुन्हा पाठवावेत, तर तेही वाटेत कापले जाणार. म्हणून या खेपेस सगळा खर्च मी सोसतो असे लिहून दिले आणि पन्नास युरो पाठवले. त्यासाठी पुन्हा हजार रुपये शुल्क, मधल्या बँकांचा खर्च वेगळा, शिवाय त्यावर कर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! त्या आठवड्यात नात घरात कोणाशी धड बोलत नव्हती. रात्री तिच्या खोलीतला दिवा जळत असे आणि मी ओसरीवर येरझारा घालीत असे. मुलीचे एक वर्ष माझ्या एका खुणेपायी जाते की काय, या विचाराने झोप उडाली होती. मुलाखतीच्या दोन दिवस आधी दाखला आला.

संकट टळले. पण मास्तरकी गप्प बसू देईना. त्या रात्री बँकेची पावती घेऊन हिशेब मांडला, आणि खरी चूक तेव्हा दिसली. अठरा युरो ही नुसती ठेच होती. खड्डा पुढेच होता.

हिशेब सोपा जावा म्हणून धरा, की त्या दिवशी बाजारात युरो शंभर रुपयांना होता. बँकेने मला तो एकशे अडीच रुपयांना दिला. पावतीवर 'शुल्क' म्हणून हजारच रुपये होते. ती मुलगी खोटे बोलली नव्हती. परंतु युरोमागे अडीच रुपये, असे ११,९०४ युरोंचे झाले २९,७६० रुपये. हे कुठल्याही रकान्यात 'शुल्क' म्हणून लिहिलेले नव्हते. ते दराच्या पोटात होते. कापडाचा दुकानदार शिलाई फुकट म्हणून सांगतो आणि ती वारात लावतो, तशातली गत. हे उदाहरण मी मुलांना दरवर्षी घालीत असे!

तीस हजार रुपये. म्हणजे पाटल्यांचा एक मोठा तुकडाच की. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हिला सगळे सांगितले. ती भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "पाटल्यांचं मला काही वाटत नाही. पोरीचं ऐकलं नाहीत, त्याचं वाटतं." यावर मजजवळ उत्तर नव्हते.

भाद्रपदात खोलीची अनामत आणि थंडीचे कपडे यांसाठी १,५०० युरो पाठवायची वेळ आली, तेव्हा मी नातीचीच शिकवणी लावली. ती फोनवरून सांगे आणि मी वहीत लिहून घेई. त्या वहीतली चार पाने वाचकांपुढे ठेवतो.

पहिले पान : शुल्क किती असे विचारू नये. विचारावे ते असे : "तिकडे पूर्ण दीड हजार युरो पोचायला माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील?" हाच प्रश्न एकाच दिवशी, एकाच वेळी तीन ठिकाणी विचारावा, कारण दर तासातासाला हलतो. पैसे मात्र रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या बँकेतून किंवा संस्थेतूनच पाठवावेत. स्वस्ताईच्या नादाने कोणा ओळखीच्याच्या ओळखीच्याकडे जाऊ नये. तो हवाला होतो, आणि तो कायद्याने गुन्हा आहे.

दुसरे पान : बाजारभाव आपल्याला ठाऊक हवा. डॉलर, युरो, पौंड आणि येन यांचा संदर्भ दर कामकाजाच्या दिवशी दुपारी जाहीर होतो. तो वहीत लिहून मगच बँकेत जावे. बँकेच्या दरपत्रकातही नोटांचा भाव वेगळा आणि खात्यातून पाठवण्याचा वेगळा असतो. नोटा बहुधा महाग पडतात. आणि हो, मोठ्या रकमेला दरात घासाघीस चालते! ज्यांना डॉलर लागतात त्यांच्यासाठी २०१९ साली एफएक्स-रिटेल नावाची सोय निघाली आहे. तिथे नाव नोंदवून आपल्याच बँकेमार्फत बाजाराच्या दराने डॉलर घेता येतात. बँकेने आपले शुल्क तिथे वेगळे सांगायचे असते, दराच्या पोटात घालायचे नसते.

तिसरे पान : सरकारचे देणे वेगळे ओळखावे. चलन बदलण्यावरचा जीएसटी लहान असतो. एक लाख रुपयांपर्यंत तो कमीत कमी ४५ आणि जास्तीत जास्त १८० रुपये. माझ्या बारा लाखांना हजाराच्या आसपास बसला. एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाखांपलीकडे पाठवलेल्या रकमेवर बँक आधीच काही प्राप्तिकर कापून घेते. तो खर्च नव्हे. विवरणपत्र भरताना तो वळता होतो किंवा परत मिळतो. मात्र पावती जपून ठेवावी. बँकेसारख्या मान्य संस्थेचे शैक्षणिक कर्ज काढून फी पाठवली, तर हा कर कापला जात नाही.

चौथे पान कार्डाचे. परदेशात आपले कार्ड वापरले, तर पुष्कळ बँका साडेतीन टक्के जादा लावतात. त्यावर अठरा टक्के जीएसटी धरला, की झाले ४.१३ टक्के. शंभर युरोंच्या खरेदीला चार युरो वर. काही कार्डांवर हा आकार कमी असतो किंवा मुळीच नसतो. निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. क्रेडिट कार्डाने रोख काढली, तर त्याच दिवसापासून व्याज चढते. आणि तिकडच्या दुकानातले यंत्र कधी कधी लाघवीपणे विचारते, "पैसे रुपयांत देता की युरोंत?" आपला रुपया पाहून मन पाघळते. नातीचेही पहिल्या दिवशी विमानतळावर कॉफी घेताना पाघळले होते. पण तो रुपयांचा आकडा त्या दुकानदाराच्या बाजूने ठरवलेल्या दराचा असतो, आणि काही बँका त्यावरही आपला आकार लावतात. तेव्हा नेहमी त्या देशाचे चलन निवडावे.

ही वही घेऊन मी पुन्हा त्याच बँकेत गेलो. हातात दुसरीकडच्या दराचा कागद होता. त्यांच्या हिशेबाने माझे तीन हजारांवर वाचत होते. त्या मुलीने कागद पाहिला, आत जाऊन साहेबांशी बोलली आणि पाच मिनिटांत तोच दर घेऊन आली. "काका, आधी विचारायचं होतंत," ती म्हणाली. मला राग आला नाही. तिचे म्हणणे खरेच होते. दीड हजार युरो दीड हजारच पोचले.

आमचे एक मामा १९६६ नंतर लवकरच विलायतेला गेले. त्या काळी परवानगीचे कागद गोळा करता करता चपला झिजत. त्याच वर्षी ६ जूनला रुपयाचे अवमूल्यन झाले आणि ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांना गेला. खिशात मोजके आठ डॉलर घेऊन माणसे समुद्र ओलांडीत. २००४ साली माणशी वर्षाला पंचवीस हजार डॉलर पाठवायची मोकळीक मिळाली, आणि आज ती अडीच लाखांवर आहे. मामांना परकी चलन मिळत नव्हते, पण त्यातला पैसा न् पैसा त्यांना ठाऊक असे. आम्हाला ते चहा पितापिता मिळते, आणि म्हणूनच त्याची किंमत विचारायचे आम्ही विसरतो.

परवा नातीचा फोन आला. तिकडे थंडी पडू लागली आहे. म्हणाली, "आजीला सांगा, पहिल्या पगारात तिच्या पाटल्या." ही ऐकत होती. पदराला डोळे पुसून म्हणाली, "आधी म्हणावं, दर विचारून पाठव!"

यंदा लक्ष्मीपूजनाच्या वहीत पहिल्या ओळीवर 'श्री' लिहीन. दुसऱ्या ओळीवर लिहीन : नातीचे ऐकावे.