हवा येऊ द्या, पण गाळून!

कुणाच्या घरी जरा दमदार गाडी आली, की आपल्या होस्टेलमध्ये पहिला सल्ला ठरलेला असतो : "कंपनीचा एअर फिल्टर काढ, परफॉर्मन्स फिल्टर टाक, गाडी उडेल बघ!" सल्ला देणाऱ्यांत फर्स्ट इयरच्या पोरांपासून वर्कशॉपच्या सरांपर्यंत सगळे आले (सर, राग मानू नका). मी मेकॅनिकलचा, घर भिवंडीत कामतघरला, आणि माझं मत बरोबर उलटं आहे. निदान आमच्या कामतघरात तरी गाडीला साधा, कागदी, कंपनीच्या मापाचा फिल्टरच टाकावा.

हा विषय आमच्या घरात आला तो दादामुळे. दादा माणकोलीच्या बाजूला एका गोडाऊनमध्ये कामाला आहे. साठवलेले पैसे आणि वर थोडं कर्ज, असं करून त्याने सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय घेतली. 2013 साली आलेली ही गाडी चाकणला बनायची. 1.2 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 105 पीएस, 175 न्यूटन-मीटर. 2022 मध्ये पोलो भारतात बंदच झाली. हप्ते अजून तीन वर्षं चालायचे आहेत, तेव्हा इंजिन त्याच्या आधी थकलं तर आमच्या घरात काय होईल ते वेगळं सांगायला नको.

आता हिशेब. थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरला आपण 14.7 : 1 हा आकडा घोकतो आणि हॉलबाहेर आलो की विसरतो. एक लिटर पेट्रोल म्हणजे साधारण पाऊण किलो, ते जाळायला सुमारे 11 किलो हवा लागते. आकारमानात ती होते नऊ हजार लिटर! इमारतीच्या गच्चीवर हजार लिटरच्या काळ्या टाक्या असतात ना, तशा नऊ टाक्या भरून हवा, एका लिटर पेट्रोलमागे. एवढी हवा त्या पुस्तकाएवढ्या कागदी घडीतून जाते. त्यामुळे "कागद हवा अडवतो" हे ऐकायला पटतं. प्रश्न आहे, किती अडवतो?

वातावरणाचा दाब 101 किलोपास्कल. समजा फुल थ्रॉटलला स्वच्छ कागदी फिल्टर त्यातला एक किलोपास्कल खातो. मग फिल्टर अगदी काढून फेकला तरी साध्या इंजिनाला मिळणार एक टक्का. 105 पीएसमध्ये एक पीएस! टर्बो गाडीत तर ईसीयू ठरलेलं बूस्ट गाठेपर्यंत टर्बोला पळवतोच, त्यामुळे नुसत्या फिल्टरने हाती फारसं लागत नाही. मायलेजचंही तेच. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 मध्ये मुद्दाम चोंदवलेले फिल्टर लावून इंजेक्शनच्या गाड्या तपासल्या. मायलेजवर परिणाम जवळजवळ नाही, मार खाल्ला तो पिकअपने. फिल्टर घाण झाला की पेट्रोल जास्त लागतं ही समजूत कार्बोरेटरच्या जमान्यातली आहे, आणि त्या जमान्यात ती खरीही होती.

मग तो उघडा कोन फिल्टर लावल्यावर गाडी जोरात पळाल्यासारखी का वाटते? आवाजामुळे! डबा गेला की इंजिनाची घरघर थेट कानात येते. पण डब्याबरोबर बाहेरची गार हवाही गेली. 35 अंशांची हवा बॉनेटखाली 65 अंशांची झाली की तिची घनता नऊ टक्क्यांनी उतरते. इंटरकूलर त्यातलं काही भरून काढतो, पण मुळात गरम हवा विकत का घ्यायची? कुणी म्हणेल, मग लांब पाइप टाकून तोंड खाली बंपरपाशी न्यावं. जरूर न्या. मग जुलैमध्ये कामवारीला पूर येऊन सखल भागात पाणी चढलं की इंजिनाने पाणी ओढलंच म्हणून समजा. पाणी काही दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

खरी गोष्ट गाळण्याची आहे. एक फिल्टर 99 टक्के धूळ पकडतो आणि दुसरा 97 टक्के, तर आपण म्हणतो दोन टक्क्यांनी काय बिघडतं! पण इंजिनाला पकडलेल्या धुळीशी देणंघेणं नाही, सुटलेल्या धुळीशी आहे. ती एकाच्या जागी तीन, म्हणजे तिप्पट. रस्त्याच्या धुळीत क्वार्ट्झ असतो, मोह्‌ज स्केलवर कठीणपणा 7. असे बारीक कण ऑइलच्या थरात शिरले की पिस्टन रिंग आणि सिलिंडरला पॉलिश पेपरसारखे घासत बसतात. टर्बोची पाती तर लाखाच्या वर आरपीएमने फिरतात.

आणि कामतघरची हवा तर खासच. अंजूरफाट्याकडून येणाऱ्या कंटेनरांची धूळ एकीकडे आणि गल्लोगल्लीच्या लूममधून उडणारे सुताचे तंतू दुसरीकडे. वऱ्हाळदेवी तलावाच्या काठावर हवा स्वच्छ वाटते, पण लूमच्या गल्लीत रात्रभर गाडी उभी करा, सकाळी काचेवर हात फिरवून बघा. हे तंतू इंजिनात जात नाहीत, ते फिल्टरच्या तोंडावर गोधडीसारखे पसरतात आणि वाट बंद करतात. म्हणजे धूळ इंजिन झिजवते आणि तंतू त्याचा गळा दाबतात! गंमत अशी, की इंजिन फिल्टरच्या आयएसओ 5011 चाचणीत जी ठरावीक धूळ वापरतात, तिच्यात कापूस नसतो. इमारतींच्या एसी फिल्टरसाठी अमेरिकेत वापरायच्या ॲशरे धुळीत मात्र पाच टक्के कापसाचे तंतू मुद्दाम मिसळायचे. (लूमवर बारा-बारा तास उभा राहणारा माणूस हीच हवा तोंडाला रुमाल बांधून घेतो, कधी तोही नसतो. गाडीच्या फिल्टरवर आपण तासभर वाद घालतो, म्हणून आठवलं.)

तेल लावलेल्या कापसाचे फिल्टर वाईट असतात असं मी म्हणत नाही. के अँड एन कंपनी 1969 पासून कॅलिफोर्नियात याच धंद्यात वाढली. धुऊन पुन्हा वापरता येतो, रेस ट्रॅकवर शोभतो. रेसचं इंजिन ठरावीक तासांनी खोलतातच, तिथे झीज कोण मोजतं? दादाचं इंजिन कोण खोलणार? शिवाय चिकट कापसावर सुताचे तंतू बसले की धुणं आलं, धुतल्यावर पुन्हा तेल आलं, आणि तेल जास्त झालं तर ज्या गाड्यांत मास एअर फ्लो सेन्सर आहे तिथे त्याची तार माखते.

तेव्हा दादाला मी सांगितलं ते असं. मान, माहले, बॉश, यांपैकी गाडीच्या मापाचा कुठलाही कागदी फिल्टर घे, बिल घेऊन घे. डब्यात बसवताना रबराची कड चारही बाजूंनी नीट बसली का ते बघ, कारण फटीतून जाणारी धूळ शंभर टक्के आत जाते. आठवड्याने फिल्टरमागच्या पाइपात बोट फिरव, धूळ लागली तर बसवण्यात गडबड आहे. दर महिन्याला झाकण उघडून वरची गोधडी हाताने काढ. गॅरेजमध्ये "हवा मारून देतो" म्हणाले तर हात जोड, जोराच्या हवेने कागद फाटतो आणि ते भोक डोळ्यांना दिसत नाही. उगाच घाईने बदलूही नकोस. फिल्टरवर थोडी धूळ बसली की तो अधिकच बारीक गाळतो, कोरा फिल्टर सगळ्यात कमी! वाचलेल्या पैशांत दोन टायर येतील.

पटत नसेल तर मोजू या. फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमधला यू-ट्यूब मॅनोमीटर व्हायवा सोडला तर वर्षभर रिकामाच असतो. 10 सेंटीमीटर पाणी म्हणजे जवळपास एक किलोपास्कल. फिल्टरच्या मागे पारदर्शक नळी जोडायची, रंगीत पाणी भरायचं आणि फुल थ्रॉटलला वाचायचं. एकदा कागदी, एकदा कापसाचा, एकदा कामतघरात महिनाभर फिरलेला. गाडी रविवारी मिळेल, दादाशी बोललोय. पेट्रोलचं मात्र तुम्ही बघा.