समुद्र न पाहिलेला मासा

मत्स्यप्रेमी माणसांचे दोन पंथ असतात. एक ताटातल्या माशावर प्रेम करणारा आणि दुसरा पाण्यातल्या. माझा जन्म पहिल्या पंथातला. वेंगुर्ल्याकडच्या आमच्या घरी मासा कोणी धरला, कसा धरला, याची चौकशी कोणी केल्याचे मला आठवत नाही. चौकशी व्हायची ती ताजेपणाची आणि भावाची. बाजारात सरळ पैसे टाकून मिळणारी वस्तू मिळवण्यासाठी त्याच्या चौपट पैसे टाकावेत, शिवाय पहाटे उठून थंडीत कुडकुडावे, हा दुसऱ्या पंथाचा आचारधर्म मला नेहमीच गूढ वाटत आला आहे. त्या पंथाची दीक्षा मिळाली ती टेक्सासच्या उत्तर टोकाला, समुद्रापासून तीनशेहून अधिक मैलांवर. आणि गंमत अशी की मासा समुद्राचाच!

आमचे धाकटे बंधुराज गेली बावीस वर्षे डॅलसला असतात. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेलो तो चिवड्या-चकलीच्या डब्यांबरोबर एक लांबट पाकीट घेऊन. वेंगुर्ल्याचे घर आता काढून टाकावे असे बहुतेक हिस्सेदारांचे मत पडले होते आणि बंधुराजांची तेवढी संमती राहिली होती. निघताना आई 'त्याची सही आण' असे म्हणाली नाही; 'त्याला विचार' एवढेच म्हणाली. पंचवीस वर्षे व्याकरण शिकवूनही या दोन वाक्यांतला फरक मला फळ्यावर लिहून दाखवता येणार नाही. चार दिवस झाले तरी पाकीट बॅगेतून बाहेर आले नाही. पाचव्या दिवशी रात्री बंधुराज म्हणाले, "दादा, उद्या पहाटे पाचला निघायचंय. टेक्सोमावर मासे धरायला."

टेक्सोमा हा टेक्सास आणि ओक्लाहोमा या दोन राज्यांच्या नावांचा समास आहे. (विग्रह वाचकांनीच करावा.) रेड नावाच्या नदीवर डेनिसन गावाजवळ १९४४ साली धरण पुरे झाले, त्याचा हा जलाशय. विस्तार सुमारे ८९,००० एकर, म्हणजे साधारण आपल्या उजनीएवढा. उजनीच्या पोटात पळसदेवाचे देऊळ गेले, तशी याच्या पोटात प्रेस्टन, हॅगरमन, वुडव्हिल अशी गावे गेली आहेत. नदी नावाप्रमाणे तांबूस मातीची आणि किंचित खारट. वर पश्चिमेकडे जमिनीत मिठाचे फार जुने थर आहेत, ते झिरपत येतात. दोन राज्यांची सीमा तलावातून जाते. माशांना ती ठाऊक नसल्यामुळे अलीकडच्या आणि पलीकडच्या दोन्ही पाण्यांत चालेल असा एक खास टेक्सोमाचा परवाना सरकारने काढून ठेवला आहे. तो आम्ही घेतला.

या तलावातला मानाचा मासा म्हणजे 'स्ट्राइप्ड बास'. मराठीत पट्टेवाला बास म्हणावे, तर डोळ्यांपुढे आमच्या प्राचार्यांच्या दाराबाहेर स्टुलावर बसणारे गृहस्थ उभे राहतात. पण मासा खरोखरच पट्टेवाला आहे. रुपेरी अंग आणि त्यावर डोक्यापासून शेपटीपर्यंत वहीत आखाव्यात तशा सात-आठ काळ्या रेघा. वहीचा दाखला मी उगाच दिलेला नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर इंग्रज वसाहतवाले उतरले तेव्हा हा मासा इतका मुबलक होता की लोक तो शेतात खत म्हणून पुरत. १६३९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने कायदा करून हा प्रकार बंद केला. आणि १६७० मध्ये प्लिमथच्या वसाहतीने मासेमारीचे उत्पन्न एका मोफत शाळेला लावून दिले. ज्या माशांच्या जिवावर ती शाळा उभी राहिली त्यांत हा बासही होता. मासे खाल्ल्याने बुद्धी वाढते असे आमची आजी म्हणायची. तिला हा पुरावा मिळता तर!

या माशाचा मूळ शिरस्ता असा की राहायचे समुद्रात आणि वसंत ऋतूत अंडी घालायला नदीत चढायचे. दक्षिण कॅरोलिनात सँटी आणि कूपर या नद्यांवर १९४१ च्या सुमारास धरणे झाली, तेव्हा काही बास धरणांच्या वरच्या अंगाला अडकले. समुद्राची वाट बंद झाली, आता हे संपणार, असाच समज होता. पण पुढे काही वर्षांनी त्या तलावांत या माशाची पोरे सापडू लागली! समुद्राचे तोंडही न पाहता तो जगत होता, वाढत होता आणि त्याचा वंश चालू होता. मत्स्यशास्त्रज्ञांनी तोंडात बोटे घातली.

मात्र यात एक मेख होती, आणि मला सगळ्या प्रकरणात तीच अधिक मोलाची वाटते. बासाची मादी लाखांनी अंडी घालते. ती ना तळाला चिकटतात, ना वर तरंगतात. प्रवाहाबरोबर मधल्यामध्ये वाहत राहतात. उबायला सुमारे दोन दिवस लागतात. तेवढे दोन दिवस पाणी वाहते हवे. ते थांबले की अंडी तळाला बसतात आणि गाळात गुदमरून मरतात. म्हणजे तलावात मासा सुखाने जगेल, पोटभर खाईल, लठ्ठ होईल. पण तलावाच्या वरच्या अंगाला लांबलचक नदी मोकळी नसेल तर संसार त्याच्यापाशीच संपला. अमेरिकेतल्या बहुतेक तलावांत तसेच होते आणि सरकारला पुन्हा पुन्हा पोरे आणून सोडावी लागतात. ती पोरे मिळवायची युक्ती दक्षिण कॅरोलिनातल्याच मंक्स कॉर्नर या गावी १९६० नंतर साधली: मादीला संप्रेरकाची सुई टोचून अंडी काढायची. आपल्याकडे कटकला हिरालाल चौधरी यांनी तळ्यात न विणाऱ्या माशांना अशीच सुई देऊन १९५७ मध्येच विणायला लावले होते. तुमच्याआमच्या ताटातला तळ्याचा रोहू त्या विद्येच्या कृपेचा आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो. कारण आपल्या माणसांची नावे आपल्याला उशिराच कळतात.

टेक्सोमात १९६५ पासून काही वर्षे अशी पोरे सोडली. या तलावाला वरून रेड आणि वॉशिटा अशा दोन मोकळ्या नद्या मिळतात. बासांनी त्या शोधून काढल्या. वसंतात ते नदीत चढू लागले, अंडी वाहत वाहत उबू लागली, आणि १९७४ नंतर पोरे सोडण्याची गरजच राहिली नाही. असे तलाव त्या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. उलट आपल्या गंगेतला हिलसा पाहा. समुद्रातून निघून तो पार प्रयागापर्यंत चढत असे. १९७५ मध्ये फराक्क्याचा बंधारा सुरू झाला आणि वरच्या लोकांच्या ताटातून हिलसा गेला तो गेलाच.

आम्ही पोचलो तेव्हा साडेसहा वाजले होते आणि अंधार होता. बोटवाला साठीचा, मितभाषी गृहस्थ. त्याने आधी धक्क्याजवळच पाग टाकून मूठ-मूठभर शॅड धरले. हा बोटभर लांबीचा चंदेरी मासा हिलसाच्याच गोत्रातला, आणि बासाचे मुख्य अन्न. जिवंत शॅड टाकीत पोहू लागले तशी बोट सुटली. आम्ही तिघे: मी, बंधुराज आणि त्यांचा तेरा वर्षांचा चिरंजीव.

हा मासा धरायला शरद ऋतूच का, हे बोटवाल्याने मोजक्या शब्दांत सांगितले. उन्हाळ्यात तलावाचे वरचे पाणी तापते. खालचे गार असते, पण त्यात प्राणवायू उरत नाही. मोठ्या बासांना गारवाही हवा आणि श्वासही. ते मधल्या अरुंद थरात कोंडून कसेबसे दिवस काढतात. तेव्हा खोलातून काढलेला मासा परत सोडला तरी बहुधा दगावतो. ऑक्टोबरात वरचे पाणी निवते, जड होऊन खाली उतरते, आणि सगळा तलाव एकजीव होतो. बास मोकळे होतात. शॅडचे थवे ओढ्यांच्या तोंडांकडे सरकतात आणि हे उपाशी लोक त्यांच्या मागे लागतात.

उजाडले. पाण्यावर पातळ वाफ होती. बोटवाला यंत्राच्या पडद्याकडे न पाहता आकाशाकडे पाहत होता, आणि मला वाटले, याला कामाचा कंटाळा आला असावा. तेवढ्यात त्याने बोट दाखवले. फर्लांगभर अंतरावर कुरव पक्षी घिरट्या घालत होते. एक पडला, मग दुसरा, मग दहा-वीस एकदम. खालून बासांनी शॅडना घेरून वर रेटले होते आणि वरून कुरवांनी पंगत मांडली होती. बोट जवळ गेली तेव्हा पाणी अक्षरशः उकळत होते. आधणाच्या भांड्यासारखे! यंत्र दुरूनच बंद केले. आवाज झाला की पंगत मोडते.

पुढची वीस मिनिटे माझ्याच्याने नीट सांगवत नाहीत. गळ पाण्यात पडायचा अवकाश, काठी कमानीसारखी वाकायची आणि फिरकीवरचा तंगूस सर्रकन पळत सुटायचा. मासा हातभर, पण ओढ अशी की पाण्याखाली कोणी म्हशीचे रेडकू बांधले आहे. चिरंजीव तर एकाला सोडवीपर्यंत दुसऱ्याला हाक मारीत होते. बोटवाला एकीकडे मोजत होता. माणशी दिवसाला दहा मासे, त्यांत वीस इंच किंवा त्याहून मोठे दोनच, आणि एकदा टाकीत ठेवलेला मासा 'मोठा मिळाला' म्हणून परत पाण्यात सोडायचा नाही. एवढ्यात कुरव उठले, पाणी निवले, आणि जणू काही घडलेच नव्हते असा तलाव पसरून राहिला.

थर्मासमधली कॉफी पिताना मी पुतण्याला या माशाची कुळकथा सांगू लागलो. मूळ कुठला, समुद्र कसा सुटला, धरण कसे आडवे आले. कथा रंगात आली होती. मराठीच्या अध्यापकाला अशा जागी एक उपमा सुचतेच, आणि ती माझ्या जिभेवर आलीही होती. तोच पोराने विचारले, "पण काका, हा मासा इथेच जन्मला ना?"

"हो, इथेच."

"आणि त्याचे आईबाबा?"

"तेसुद्धा."

"मग तो इथलाच आहे," तो म्हणाला आणि गळाला नवा शॅड लावू लागला. बंधुराज पाण्याकडे पाहत होते. माझी उपमा मी कॉफीबरोबर गिळली.

तीस मासे नेता आले असते. आम्ही अकरांवर थांबलो. धक्क्यावर बोटवाल्याने पाच-दहा मिनिटांत ते सोलले, आणि कडेचा लालसर मांसाचा पट्टा काळजीपूर्वक काढून टाकला. उग्र वास असतो तो त्यातच. उरते ते पांढरेशुभ्र, फारसे काटे नसलेले मांस. भावजयीने नारळ आणि तिरफळे घालून कालवण केले आणि चार तुकडे रव्यात घोळून तळले. सुरमईची सर नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण पापलेटाच्या गैरहजेरीत कोणाही घरात त्याचे स्वागत व्हावे.

जेवणानंतर बंधुराजांनी आपण होऊन पाकीट मागितले. कागद दोनदा वाचले, घडी केली आणि परत दिले. "एप्रिलमध्ये येतो," ते म्हणाले, "याला घेऊन. याने घर पाहिलेलं नाही. मग सही करायची की नाही ते बघू."

तिकडे सकाळ झाली होती. आईला फोन लावला. तिने आधी विचारले, मासा खाऱ्या पाण्यातला की गोड्या? गोड्या, म्हणताच, "मग त्याला चव ती कसली," असा निकाल मिळाला. मग आवाज जरा खाली आणून, "विचारलंस?"

"विचारलं. एप्रिलमध्ये येतो म्हणतो."

"एकटा?"

"पोराला घेऊन."

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. फोन तुटला असे मला वाटले.

"मग कौलं त्याच्या आधी चाळून घ्यायला हवीत," आई म्हणाली. "मागच्या पडवीत गळतं."