बेटावर जायचंय, पण कोणत्या आठवड्यात?

एप्रिल लागला की भोरच्या बाजारपेठेत आणि वेल्ह्यात दोन प्रकारचे कागद हातोहात फिरायला लागतात. एक लग्नपत्रिकांचे आणि दुसरे टूरचे. अलीकडे दोन्ही मोबाइलवरच येतात म्हणा! 'फक्त महिलांसाठी', 'पाच रात्री, सहा दिवस', निळंशार पाणी, पांढरी वाळू आणि खाली लाल अक्षरांत 'मे अखेरची खास सवलत'. कुठे अंदमान, कुठे लक्षद्वीप, कुठे मालदीव. ज्यांना एवढं लांब नको, त्यांच्यासाठी मालवण आणि तारकर्ली आहेच.

बायकांनी फिरायला जावं की नाही, हा वाद आता शिळा झाला. जावंच. पण ही सवलत नेमकी मे अखेरीलाच का असते आणि आपणही नेमका तोच आठवडा का धरतो, हे जरा बसून बघायला हवं. कारण इथे प्रश्न साठवलेल्या पैशांचा आहे, आणि कधी कधी जिवाचाही.

बेटांची हवा कशी आली?

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी लक्षद्वीपला जाऊन आले. तिथल्या किनाऱ्यावरचे त्यांचे फोटो घरोघरी पोचले. मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी त्यावर वाकडं बोलून वाद ओढवून घेतला, तिथल्या सरकारला त्यांना निलंबित करावं लागलं आणि आपल्याकडे 'मालदीवला जाऊ नका' अशी लाट उठली. पुढे राग निवळला. जुलै २०२५ मध्ये पंतप्रधान मालदीवच्या स्वातंत्र्यदिनाला पाहुणे म्हणूनही गेले. दोन देशांच्या या रुसव्या-फुगव्यातून एक गोष्ट मात्र मागे राहिली. 'बेटावर सुट्टी' हा शब्द तालुक्याच्या गावापर्यंत आला. अंदमान तर मराठी माणसाला आधीपासूनच जवळचं. सावरकरांची कोठडी बघायला जाणाऱ्या सहली आपल्याकडून कितीतरी वर्षं निघतात.

दुसरं म्हणजे, बाईच्या हातात थोडा का होईना, स्वतःचा पैसा आला. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालं. २०२४ च्या जुलैपासून 'लाडकी बहीण'चे महिना दीड हजार सुरू झाले. वर्षाचे होतात अठरा हजार. सगळ्या जणींना ते मिळत नाहीत, आणि मिळतात त्यांचेही मुलांच्या फीमध्ये, औषधात, किराण्यात जातात. तरी भिशी आणि बचत गट यांच्या जोडीला ही रक्कम धरली, तर 'आपण दहा जणी मिळून जाऊया का?' हा प्रश्न आता हसण्यावारी जात नाही. टूरवाल्यांना हे आपल्या आधी कळलंय. जाहिराती आपल्या दारात आल्यात त्या उगाच नाहीत.

उरलेला आठवडा

आता आपलं कॅलेंडर बघा. मार्च-एप्रिल परीक्षांचा. एप्रिलमध्ये कुरडया, पापड, सांडगे, वर्षाचं तिखट-मसाला. भोर-वेल्ह्याच्या भातपट्ट्यात त्याच दिवसांत राब भाजायची, पावसाळ्याचं सरपण भरून ठेवायची घाई. मेच्या पहिल्या पंधरवड्यात लग्नं, माहेरवाशिणी, जत्रा. २५ मेच्या सुमारास रोहिणी लागल्या की धूळवाफेवर भाताचं रोप टाकायचं. मग जूनच्या मध्याला शाळा, त्याआधी वह्या-पुस्तकं आणि गणवेश. ह्या सगळ्यांतून मुलांना, सासूबाईंना, शेताला, पाहुण्यांना देऊन जो आठवडा उरतो तो आपला. तो असतो २० मे ते ३० मेच्या मधला कुठला तरी. नोकरी करणाऱ्या, दुकान चालवणाऱ्या बायकांचंही थोड्याफार फरकाने हेच.

शिळी भाकरी जशी आपल्या वाट्याला येते, तसाच हा शिळा आठवडा. आणि समुद्रावर नेमका तोच आठवडा सगळ्यांत वाईट असतो.

कसा, ते सांगते. मॉन्सून आपल्याकडे यायच्या आधी अंदमानात पोचतो, साधारण २० मेच्या आसपास. केरळात येण्याची सरासरी तारीख १ जून. पण सरासरीवर बुकिंग करता येत नाही. २०२३ मध्ये तो केरळात ८ जूनला आला, २०२४ मध्ये ३० मेला आणि २०२५ मध्ये थेट २४ मेला. तीन वर्षांत पंधरा दिवसांचा फरक! त्या २०२५ मध्ये अंदमानच्या समुद्रात तो १३ मेलाच दाखल झाला होता आणि २६ मेला मुंबई-पुण्यात होता. मुंबईत तर १९५० पासूनच्या नोंदींत इतका लवकर कधीच आला नव्हता. ज्यांनी 'पाऊस यायला अजून वेळ आहे' म्हणून त्या आठवड्याचं बेट ठरवलं असेल, त्यांचं काय झालं असेल, याची कल्पना करा.

शिवाय मे अखेर ते जूनचा पहिला आठवडा हे चक्रीवादळांचे दिवस. 'तौक्ते' मे २०२१ च्या मध्यावर लक्षद्वीपजवळच तयार झालं आणि आपल्या किनाऱ्याला झोडपत गुजरातवर गेलं. त्यानंतर आठवड्याभरातच बंगालच्या उपसागरात 'यास' आलं. 'रेमल' बंगालच्या किनाऱ्यावर धडकलं ते २६ मे २०२४ ला. आणि ३ जून २०२० ला अलिबागजवळ आलेलं 'निसर्ग' तर आपण घाटमाथ्यावर बसूनही विसरलेलो नाही.

पाऊस पडला तर छत्री घेऊ, असं डोंगरात चालतं. बेटावर प्रश्न पावसाचा नसतो, बोटीचा असतो. आपला वरंधा घाट पावसाळ्यात दरड आली की बंद होतो आणि महाडला जायचं तर लांबचा फेरा घ्यावा लागतो. बेटाला असा दुसरा रस्ताच नाही. अंदमानात श्रीविजयपुरम म्हणजे जुन्या पोर्ट ब्लेअरपर्यंत विमान जातं, पण ज्यांचे फोटो जाहिरातीत असतात ती स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप, म्हणजे जुनी हॅवलॉक आणि नील, तिथे सहलीची माणसं जातात ती बोटीनेच. समुद्र खवळला की बोट बंद. लक्षद्वीपला बहुतेक बेटांवर मोठं जहाज किनाऱ्याला लागतच नाही. बाहेर थांबतं, आणि माणसांना छोट्या होडीत उतरवून नेतात. नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला की लाटा तिथे थेट येऊन आदळतात, म्हणून पर्यटकांची जहाजं साधारण ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंतच धरायची. मालदीवचाही पावसाळा मे ते ऑक्टोबर. आणि आपल्या कोकणात दरवर्षी साधारण २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत प्रवासी होड्या आणि पाण्यातले खेळ बंद ठेवले जातात. सिंधुदुर्ग किल्ला मालवणच्या किनाऱ्यावरून समोर दिसत राहतो, पण तिथे न्यायला होडी नसते.

स्वस्त कुणाला पडतं?

आता सवलतीचं गणित. मे अखेरीला हॉटेलच्या खोल्या रिकाम्या व्हायला लागतात. रिकामी खोली म्हणजे मालकाचा निव्वळ तोटा, म्हणून तो भाव उतरवतो. यात फसवणूक काही नाही. आपणही संध्याकाळी उरलेली मेथी उतरत्या भावात घेतोच की! पण मेथी घेताना ती कोमेजलेली दिसते. पॅकेज घेताना समुद्र दिसत नाही. जो धोका हॉटेलवाल्याचा होता, तो दोन-तीन हजारांच्या सवलतीत आपण विकत घेतो, आणि ते आपल्याला कुणी सांगत नाही.

उदाहरणच घ्या. बोट बंद पडली आणि दहा जणी बेटावर दोन दिवस अडकल्या. दोन रात्रींचं जादा भाडं कोण देणार? जेवण? चुकलेल्या परतीच्या विमानाचं काय? विमान कंपनीने स्वतः विमान रद्द केलं, तर दुसरं विमान किंवा पैसे परत, हा नियम आहे. पण विमान वेळेवर उडालं आणि तुम्ही बोटीअभावी पोचला नाहीत, तर कंपनी तुमचं काही देणं लागत नाही. ऐन वेळी काढलेली दहा तिकिटं म्हणजे वर्षभराची भिशी गेली. हे होत नाही असं समजू नका. डिसेंबर २०१६ मध्ये, म्हणजे भर हंगामात, खराब हवामानाने हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते आणि त्यांना आणायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली होती. मग मे अखेरीला काय भरवसा?

पैसे पुन्हा साठवता येतात. २४ मे २०२२ ला तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची होडी उलटली, वीस जण होते, त्यातले दोघे गेले. होड्या बंद व्हायला तेव्हा दोनच दिवस उरले होते. त्याच्या पाचच दिवस आधी, १९ मेला, आपल्या भोर तालुक्यात भाटघर धरणाच्या पाण्यात एकाच नात्यातल्या पाच तरुण मुली-बायका बुडाल्या. समुद्र नव्हता, लाट नव्हती. भाटघर, पानशेत, गुंजवणी, नीरा देवघर अशा धरणांच्या काठावर आपण राहतो, पण आपल्यातल्या किती जणींना पोहता येतं? बेटाची स्वप्नं बघताना हा प्रश्न आधी स्वतःला विचारायला हवा. होडीत पाय ठेवण्याआधी लाइफ जॅकेट अंगावर हवं, त्याचे बंद बांधलेले हवेत. साडीवर नीट बसत नाही म्हणून ते मांडीवर घेऊन बसायचं नाही. फोटो बिघडला तरी चालेल.

पैसे भरण्याआधी

टूरवाल्याला चार गोष्टी विचारा आणि त्या लिहून घ्या. व्हॉट्सअॅपवर का होईना, पण लेखी. बोट बंद झाली तर जादा राहण्या-जेवणाचा खर्च कुणाचा? बेट बघायलाच मिळालं नाही, तर त्या भागाचे पैसे परत मिळणार की 'त्याऐवजी दुसरं ठिकाण दाखवू'? आम्हीच आधी रद्द केलं, तर कोणत्या तारखेपर्यंत किती कापणार? आणि परतीच्या विमानाआधी मोठ्या बेटावर एक पूर्ण दिवस मोकळा ठेवलाय का? या शेवटच्या प्रश्नाला 'नाही' उत्तर आलं, तर ते पॅकेज बाजूला ठेवलेलं बरं.

पैसे शक्यतो बँकेतून द्या, पावतीवर कंपनीचं नाव आणि जीएसटी क्रमांक बघा. प्रवासाचा विमा काढायचा तर बुकिंगबरोबरच काढा. वादळाचा इशारा जाहीर झाल्यावर काढलेला विमा त्या वादळाला बहुतेक उपयोगी पडत नाही. लक्षद्वीपला परवाना लागतो, तो कोण काढणार तेही विचारून ठेवा.

आणि फसवणूक झालीच, तर 'जाऊ दे, नशीब आपलं' म्हणून गप्प बसू नका. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, टूर कंपनी मुंबईची असो की चेन्नईची. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर त्याला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. पण तिथे लागतो कागद. म्हणून वरचं लेखी उत्तर.

आठवडाच बदला ना!

एवढं सगळं सांभाळण्यापेक्षा सोपा उपाय आहे तो तारीख बदलण्याचा. आपल्या पट्ट्यात भात घरात आलं, दिवाळी झाली, की डिसेंबर ते फेब्रुवारी तुलनेने मोकळे. समुद्रही तेव्हा शांत असतो. खोलीचे दर चढे असतात हे खरं, पण वर्षभर आधी ठरवलं तर भिशीचा हप्ता त्या हिशेबाने बांधता येतो. जुलैत भिशी सुरू केली तर फेब्रुवारीपर्यंत आठ हप्ते जमतात.

"पण मुलांची शाळा?" हा प्रश्न लगेच येईल. अहो, सहल आपली आहे, मुलांची नाही! पाच दिवस त्यांचा डबा त्यांचे बाबा, आजी, आत्या कुणीही करेल. घरातले पुरुष देवदर्शनाला, गडावर, मित्रांबरोबर जातात तेव्हा शाळेचं वेळापत्रक कुणी बघत नाही. आपणच मुलांच्या सुट्टीला स्वतःची सुट्टी बांधून घेतली आहे, आणि म्हणून उरलेला, समुद्र खवळायच्या बेतात असलेला आठवडा आपल्या पदरात पडतो.

आणि मेमध्येच जायचं असेल, दुसरा इलाजच नसेल, तर पहिल्या दहा दिवसांत जा आणि कोकणातच जा. सकाळी लवकर होडीने किल्ला बघा, दुपारी किनाऱ्यावर या. लग्नाच्या एखाद-दुसऱ्या निमंत्रणाला आहेर पाठवून दिला तर चालतं. कुरडया आठवडाभर उशिरा झाल्या तरी ऊन कुठे पळून जात नाही. मे अखेर मात्र जमिनीवरच्या सहलीला ठेवा.

तेव्हा या वर्षी भिशीचा पहिला नंबर काढायच्या आधी सगळ्या जणींनी मिळून कॅलेंडर काढा, आणि सहलीच्या तारखेवर आधी गोल करा. बाकीची कामं त्या गोलाच्या अलीकडे-पलीकडे बसवता येतात. आजवर आपण उलटं करत आलो.