रुग्णाबरोबर त्याचे घरही तपासा

कुष्ठरोगाचे निदान होताच दवाखान्याच्या दप्तरी एका इसमाचे नाव चढते, सहा अथवा बारा महिन्यांची बहुविध औषधयोजना विनामूल्य सुरू होते आणि ती पुरी झाल्यावर रुग्ण बरा झाला म्हणून त्याचे प्रकरण मिटते. परंतु निदानापूर्वी ज्या पत्नीने, मुलांनी व वृद्ध मातेने त्याच्या निकट सहवासात वर्षे काढली, त्यांचे प्रकरण तेव्हा मिटलेले नसते. हान्सेन यांनी १८७३ मध्ये शोधून काढलेला या रोगाचा जंतू इतक्या मंदगतीने वाढतो, की लक्षणे दिसू लागण्यास सरासरी ५ वर्षे, क्वचित २० वर्षेही लागतात.

म्हणूनच रुग्णाच्या कुटुंबीयांस रिफाम्पिसिनची एकच प्रतिबंधक मात्रा देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये केली. बांगलादेशातील चाचणीत या मात्रेमुळे संपर्कातील लोकांत पहिल्या दोन वर्षांत रोगाचे प्रमाण ५७ टक्क्यांनी घटले. मात्र अगदी निकटच्या आप्तांत तिचा गुण तुलनेने कमीच दिसला. मात्रा देण्यापूर्वी कुष्ठरोग व क्षयरोग नाही याची खातरजमा करावी लागते, गर्भवतींच्या बाबतीत ती प्रसूतीनंतरपर्यंत लांबवावी लागते, आणि दोन वर्षांखालील मुलांना ती देत नाहीत. तेव्हा एक गोळी गिळवून कुटुंबाची जबाबदारी संपली असे मानणे ही घातक समजूत होय. अंगावरचा फिकट वा तांबूस बधिर चट्टा आणि हातापायांतील मुंग्या यांसाठी घरातील प्रत्येकाची तपासणी दरवर्षी, निदान पाच वर्षे तरी, झालीच पाहिजे. कारण वेळीच औषध मिळाले तर बोटे वाकत नाहीत व डोळेही वाचतात.

आणि ही तपासणी भयाच्या छायेत होता कामा नये. बहुसंख्य माणसांच्या अंगी या जंतूविरुद्ध निसर्गदत्त प्रतिकारशक्ती असते, आणि औषध सुरू होताच रुग्णाची संसर्गक्षमता झपाट्याने ओसरते. त्याचे ताट वेगळे मांडण्यास वा अंथरूण पडवीत घालण्यास वैद्यकशास्त्रात तिळमात्र आधार नाही. घरांनी टाकलेल्या माणसांसाठी बाबा आमटे यांना वरोऱ्याजवळ आनंदवन उभारावे लागले, त्या महाराष्ट्राला हे पुन्हा सांगावे लागावे याची खंत वाटते. रुग्णाच्या संमतीवाचून त्याचे नाव शेजारीपाजारी फुटणार नाही, अशी हमी आरोग्य खात्याने द्यावी, उंबरठ्यावर येणाऱ्या आशा सेविकेस ती पाळण्याचे शिक्षण द्यावे, आणि रुग्णाच्या नोंदीसोबत त्याच्या कुटुंबीयांची पाच वर्षांची तपासणीवही प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवण्याचा हुकूम विनाविलंब काढावा.